कोयता एक, माणसं दोन

निता राठोडने आजवर किती राक्षस मारले असं कोणी विचारलं, तर ती लाजत नाही, वही काढते. अशा चार वह्या आहेत, दोनशे पानी, शाळेच्या पोरांच्या असतात तशा. मानोऱ्यात एसटी स्टँडकडून तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘जगदंबा ऑनलाइन’ नावाचं दुकान आहे. तिथं ती आणि तिचा नवरा धनराज बसतात. पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, आधारची दुरुस्ती, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, आणि एका कोपऱ्यात उघडून ठेवलेले मोबाइल. गिऱ्हाईक नसलं की कापडी पडद्यामागच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर राक्षस. तांड्यावरच्या बायकांना हे ठाऊक आहे. आधी त्या हसायच्या, आता त्यांना त्याचाही कंटाळा आला आहे.

वय एकतीस. शिक्षण आश्रमशाळेत दहावी, गणितात शंभरपैकी एक्क्याऐंशी. पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. आणि दिवाळी आटोपली की तांड्यावरची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, त्यांच्यासोबत तीही गेली.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो. बायको पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं आणि पुढं आकडा एक. बायको आजारी पडली, किंवा गडी एकटाच आला, तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. बाईच्या नावासाठी त्या वहीत रकानाच नसतो, त्यामुळे तो कोरा राहिला असंही कधी कोणाला वाटलं नाही. निता सात हंगाम गेली. सातही वर्षं उदयसिंग मुकादमाच्या वहीत ओळ एकच: धनराज गोविंदसिंग राठोड, कोयता एक. तिची सासू कमलीबाई, जिला घरातले सगळे याडी म्हणजे आई म्हणतात, ती सव्वीस हंगाम गेली होती. तिच्या वेळची ओळ गोविंदसिंगच्या नावाची होती. तो वारला तेव्हा ओळही संपली.

सातव्या हंगामानंतर निताचा उजवा खांदा कामातून गेला. त्याच साली टाळेबंदी लागली आणि फडावरून परत आलेल्या माणसांना घरात बसण्याशिवाय काम उरलं नाही. धनराजचा हात मशीनवर आधीपासून चालायचा. तो मंगरूळपीरला मुन्नाभाईच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायला जाऊ लागला, आणि वर्षभराने मुन्नाभाईनेच त्याला एक जुना कॉम्प्युटर देऊन मानोऱ्याला दुकान थाटायला लावलं. त्या कॉम्प्युटरचा पहिला मालक कधी परत आलाच नव्हता, पण त्याने आत एक खेळ मागं ठेवला होता. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. पहिल्याच चित्रात एक काळा किल्ला दिसतो, म्हणून दुकानात त्याला काळा किल्ला म्हणू लागले.

त्या दोघांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची. पण दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी बोलून तीच तोंडात बसली, आणि खेळाचं सगळं बोलणं दुकानातच झालं. म्हणून इथं घरचे सगळेच वऱ्हाडी बोलतील.

काळ्या किल्ल्यात शिरताना आधी एक पेशा निवडावा लागतो. खेळाच्या भाषेत क्लास. शिपाई, तिरंदाज, मांत्रिक, वैद्य, चोर, आणि जनावरं पाळणारा, असे सहा. शिपायाला ढाल-तलवार येते, मंत्र येत नाही. वैद्य जखम भरतो, विष उतरवतो, पण त्याच्या हातात चाकूही शोभत नाही. एकदा निवडलं की निवडलं. निताने पहिल्यांदा वैद्य घेतला, कारण त्याचे कपडे तिला स्वच्छ वाटले. तिसऱ्या दालनात तिच्या सोबतचा शिपाई मेला आणि ती औषधाची पिशवी घेऊन राक्षसासमोर उभी राहिली. तसं ती अकरा वेळा मेली.

“याले तलवार काहून धरू देत नाई?” तिने विचारलं.

“त्याचा क्लास नाई तो,” धनराज म्हणाला.

“हात तं हाय ना त्याले?”

धनराज हसला, पण प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. खेळ बनवणाऱ्यांनी घातलेले नियम बाहेरच्या माणसाने बदलायचे आणि ती बदललेली फाइल जगाला वाटायची, याला मॉड म्हणतात. व्हिडिओ पाहून पाहून धनराज ते शिकला. खेळाच्या पोटात एक लांब तक्ता असतो. प्रत्येक विद्येपुढं लिहिलेलं असतं की ही कोणत्या पेशाची. धनराजने ती अटच उडवून टाकली. आता एकाच माणसाला तलवार, मंत्र, औषध, धनुष्य, कुलपं फोडणं आणि पाळलेला लांडगा, सगळं एकदम. त्याने मोठ्या हौसेने ती फाइल मॉडच्या साइटवर चढवली. दोनशे लोकांनी उतरवून घेतली, आणि बहुतेकांनी दोन दिवसांत काढून टाकली. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं इंग्रजीत कसं म्हणतात ते धनराजला त्या आठवड्यात कळलं.

निताने तो मॉड लावून एक दुपार खेळून पाहिलं. शेवटच्या राक्षसाला तिने उभ्या उभ्या झोपवला आणि कॉम्प्युटर बंद केला.

“मजा नाई आली?”

“सारंच येते त्याले. मंग तो किल्ल्यात आला कायले?” ती म्हणाली. “दोनच द्या. शिपाई अन् वैद्य. पण असं करा. तुमी फडात तोडत पुढं निंगाले अन् मी मागं राह्यली तं काय होते?”

“ऊस पडून राह्यते. वाळते.”

“अन् मी बांधून मोकळी झाली, तुमी तोडलंच नाई, तं?”

“तं तू बसून राह्यतं.”

“मंग तेच लिवा तिथी.”

पुढचे आठ महिने या एका वाक्यात गेले. नियम असा ठरला: कोणतेही दोन पेशे मिसळा, पण दोनच. शिपायाचे तीन घाव घातले की तलवार जड होते. मग दुसऱ्या हाताची विद्या वापरायची, जखम बांधा नाहीतर विष उतरवा, की तलवार पुन्हा हलकी. नुसतं औषधच करत बसाल तर औषधाचा गुण उतरतो आणि घाव घालावाच लागतो. एका हाताने दुसऱ्याला मागं टाकून पळायचं नाही. जो पळेल त्याची ताकद निम्मी. नियम सांगायला एवढाच, पण सहा पेशांच्या जोड्या होतात पंधरा, आणि प्रत्येक जोडीचं वजन वेगळं. मांत्रिकाच्या आगीनंतर चोराने किती वेळात लपायचं? लांडगा जखमी असताना धनुष्य किती जड? हे कोणत्याही व्हिडिओत नव्हतं.

काम आपोआप वाटलं गेलं. धनराज कोड लिहायचा. निता खेळायची आणि आकडे काढायची. एकच लढाई ती चाळीस वेळा खेळे. दर वेळी वहीत रेघ, पाचवी रेघ आडवी, मोळ्या मोजायची तिची तीच रीत. चाळीसपैकी तीस वेळा जिंकलं तर जोडी फार सोपी, दहा वेळा जिंकलं तर फार अवघड. वीस-बावीसवर आलं की ती वही मिटायची आणि म्हणायची, “जमलं.” मग धनराज फाइलमध्ये तो आकडा पक्का करायचा. खेळण्यात तो तिच्यापुढे कच्चा होता. तिसऱ्या दालनाच्या पुढं त्याला सहसा कोणी जिवंत पाहिला नाही.

मॉडचं नाव ‘अर्धा कोयता’ ठेवलं. सहा महिन्यांत तो चाळीस हजार लोकांनी उतरवला, दीड वर्षात एक लाख चाळीस हजार. ब्राझीलचा एक माणूस दर रविवारी लांब पत्र लिही. पोलंडच्या एकाने तिरंदाज-वैद्य जोडीवर तासाभराचा व्हिडिओ केला. कोणीतरी विचारलं, कोयता म्हणजे काय? धनराजने उत्तर दिलं: ऊस तोडायचं हत्यार. निताने ते वाचलं. उत्तर चूक नव्हतं, म्हणून तिने पुढचा डाव सुरू केला.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून मेल आला. काळा किल्ला बनवणारी मूळ कंपनी परदेशातली, पण तिचं बरंच काम पुण्यातली एक लहान कंपनी करते. खेळाची नवी आवृत्ती निघणार होती आणि लोकांना आवडलेले चार मॉड त्यात कायमचे घालायचे होते. त्यात ‘अर्धा कोयता’ होता. ज्यांनी ते बनवले त्यांची नावं खेळाच्या शेवटच्या यादीत येणार होती. शिवाय एक जागा होती, घरी बसून करायची: पुढच्या भागात पेशांची मिसळण कशी असावी ते ठरवायचं, पगार महिन्याचा. सोबत एक फॉर्म जोडलेला.

नोकरी निताला हवी होतीच, ती कोणाला नको असते? पण त्याहून तिला हवं होतं ते यादीत नाव. आजवर तिचं नाव रेशन कार्डावर होतं, मतदार यादीत होतं, दहावीच्या गुणपत्रिकेवर होतं. तिने केलेल्या कामावर कुठंही नव्हतं. जुन्या आवृत्तीची यादी तिने एकदा पूर्ण पाहिली. अकरा मिनिटं लागतात. काळ्या पडद्यावर नावं खालून वर सरकत जातात. मध्येच चहावाल्याचंही नाव होतं, म्हणजे त्या कंपनीत जेवणखाण पाहणाऱ्या माणसाचं.

“आपलं कुठी येईन?” तिने विचारलं होतं.

“मॉडवाल्यायचं शेवटी असते,” धनराज म्हणाला होता.

फॉर्म धनराजने भरला. त्या दिवशी निता तांड्यावर होती, घरी हळद निवडायची होती. तिने परत आल्यावर विचारलं, भरला का. तो म्हणाला, भरला. तिथंच ते संपलं.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारी बाराला. धनराजने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाठीमागच्या भिंतीवरचं पॅन कार्डाचं पोस्टर काढून ठेवलं. पडद्यावर ज्योत्स्ना मॅडम आल्या, पुण्याच्या, चष्म्याच्या, बोलायला साध्या. निता चार हातांवर काउंटरपाशी बसून सोमला काकांचा पीकविमा भरत होती.

“तलवार तीन घावांनंतरच जड होते,” मॅडम म्हणाल्या. “तीनच का? चार का नाही?”

धनराजला तीन माहीत होतं. तीनच का, ते माहीत नव्हतं. त्याने मान थोडी वळवली. निताने आपल्या स्क्रीनवरची नजर न हलवता हळूच सांगितलं, “चार ठेवले तं खेळणारा मारण्यातच रमते, दुसऱ्या हाताचं काम इसरते. दोन ठेवले तं दमच लागत नाई.”

धनराजने तेच शहरी मराठीत घोळवून पुढं सांगितलं. मॅडमनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, मांत्रिक आणि चोर ही जोडी मुद्दाम कमकुवत ठेवली का. पुन्हा तेच: निता हळू, धनराज मोठ्याने. तिसऱ्या प्रश्नाला मॅडम थांबल्या.

“तुमच्याजवळ कोणी आहे का? कोणीतरी सांगतंय असं ऐकू येतंय.”

“नाही, नाही,” धनराज म्हणाला. “घरचेच आहेत. दुकानात मदतीला बसतात.”

सोमला काका आपल्या चपलांकडे पाहू लागले. निताने त्यांचा गट क्रमांक चुकीचा टाकला आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. त्यानंतर ती काही बोलली नाही. उरलेल्या दोन प्रश्नांना धनराजने जी उत्तरं दिली ती ऐकून ब्राझीलचा माणूस सुद्धा हसला असता.

निताला आधी राग आला नाही. लाज वाटली, आपणच काही चोरताना सापडल्यासारखी. राग संध्याकाळी आला, भाकरी थापताना. तोही तिने तव्यावरच जिरवला. मुलाखत देणारा माणूस घाबरतो, तोंडातून काही निघून जातं, असं तिने स्वतःला समजावलं. निदान यादीत तर दोघं आहोत.

आठ दिवसांनी मेल आला: निवड झाली, सोबतचे दोन कागद छापून सही करून पाठवा. धनराज पेढे आणायला गेला. छापणं हे निताचं काम. पहिला कागद नोकरीचा होता. दुसरा इंग्रजीत, चार ओळींचा. तिने मोबाइल समोर धरून अर्थ काढला. ‘मी या मॉडचा एकमेव निर्माता असून यात अन्य कोणाचा सहभाग नाही, हे मी माझ्या अर्जात नमूद केल्याप्रमाणे खरे आहे.’ खाली धनराजचं पूर्ण नाव छापलेलं.

तो पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला तेव्हा कागद प्रिंटरच्या तोंडातच होता.

“हे काय हाय?”

धनराजने वाचलं. “फॉर्मात इचारलं होतं, बनवणारे किती. मी एक लिवलं.”

“एक?”

“आपला कोयता एकच नाई का?”

इथं धनराजची बाजू सांगितली पाहिजे, कारण तो खोटं बोलत नव्हता. किती, असं कोणी विचारलं की त्याच्या हातून एक लिहिलं जातं. बापाने तेच सांगितलं, मुकादमाने तेच लिहिलं. त्या एकात बायको आलीच, ती वेगळी मोजायची असते हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीलाही एक कोयता म्हणजे दोन माणसं हे कळेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. अशी चूक मानोरा तालुक्यात कोणाच्याही हातून झाली असती.

निता हे सगळं ओळखून होती. तिने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातून घेऊन काउंटरवर ठेवला.

“फॉर्मचं समजलं मले,” ती म्हणाली. “तुमच्या बापाचा हात तसा चालला, तुमचाबी चालला. पण त्या मॅडमनं तोंडानं इचारलं, तवा? तवा वही नव्हती समोर. मुकादम नव्हता. माणसानं माणसाले इचारलं होतं, कोण हाय.”

धनराजने कागद प्रिंटरमधून काढला आणि काउंटरवर पालथा ठेवला.

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्याने तोड काढली. “मॅडमले फोन करतो. नोकरीचा कागद तसाच राहू दे, यादीत खाली विशेष आभार म्हणून तुयं नाव टाकतेत. तसं करतेत लोकं.”

“आभार परक्याचे मानतेत,” निता म्हणाली. “मी परकी हाय का?”

घरी कमलीबाईने मुलाची बाजू घेतली. तिची बोलण्याची रीत एक घाव दोन तुकडे अशी. “सही करू दे त्याले. पगार येईन, घरात येईन. नाव कागदावर राह्यते, पोटात जात नाई. मी सव्वीस साल गेली, मायं नाव कोणी लिवलं? मेली का मी?” निताने सासूला शब्दाला शब्द दिला नाही. फक्त म्हणाली, “नाई मेल्या, याडी.” आणि भांडी घेऊन अंगणात गेली.

सही करायला पाच दिवसांची मुदत होती. तिसऱ्या दिवशी निताने चारही वह्या दुकानात धनराजच्या टेबलावर ठेवल्या. भांडण नाही, रुसवा नाही, स्वयंपाक वेळेवर. “ह्या घ्या. नोकरीत पुढचं काम याच्यावरूनच करा लागेन. मले इचारू नका.”

धनराजने दुपारी वही उघडली. मोबाइल दुरुस्तीला आलेला माणूस दोनदा हाक मारून निघून गेला. रेघाच रेघा, पाच-पाचच्या. शेजारी निताचं बारीक अक्षर: ‘लांडगा लवकर मरते’, ‘सहा फार, पाच कमी, साडेपाच करून पाहा’, ‘आज अठ्ठावीस डाव, खांदा दुखला, उरलेले उद्या.’ कोड त्याचा होता, ते खरं. पण कुठं काय लिहायचं हे आधी इथं ठरलं होतं. एखाद्या पानावर तरी आपलं अक्षर असेल म्हणून त्याने चारही वह्या पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळल्या. नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने निताला बोलावलं आणि तिच्यादेखत मेल लिहिला. इंग्रजी भाषांतराला टाकून, पुन्हा मराठी करून, तीन-तीनदा. मॉड दोघांनी केला आहे. अर्जात एक लिहिलं ती माझी चूक. मुलाखतीत उत्तरं माझी पत्नी देत होती आणि मी ती घरची आहे म्हणून उडवून लावलं, तेही चूक. निताने ओळीखाली बोट धरून वाचलं.

“इथी ‘मदत केली’ लिवलं तुमी.”

“मंग काय लिवू?”

“बनवला.”

त्याने ‘बनवला’ लिहिलं आणि मेल पाठवला. सहीचे दोन कागद त्याने ड्रॉवरमध्ये टाकले.

आठवड्याने ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला. त्या चांगल्या बोलल्या. यादीत दोघांची नावं येतील, निर्माते म्हणून, वेगवेगळी. पण अर्जात दिलेली माहिती खरी नव्हती, आणि अशा वेळी निवड रद्द होते, तो नियम त्यांच्या हातात नाही. जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी दोघांनी आपापल्या नावाने वेगळे अर्ज करावेत, त्या स्वतः पाहतील. धनराज ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने एकच मोबाइल दोन दिवस उघडला आणि लावला, उघडला आणि लावला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “झालं समाधान?”

“हो, झालं,” निता म्हणाली.

तिला त्याचं वाईट वाटत होतं. इस्त्रीचा शर्ट त्याने पुन्हा तांड्यावर नेऊन खुंटीला टांगला तेव्हा तर फारच वाटलं. नोकरी गेली याचंही वाईट वाटत होतं, पगाराचे बेत तिनेही मनात केले होते. पण समाधान झालं होतं, आणि झालं असताना नाही म्हणायला ती तयार नव्हती. धनराजने तिच्यासाठीही चहा सांगितला.

नवी आवृत्ती मार्चमध्ये निघाली. दुकानाच्या इंटरनेटवर उतरायला दोन दिवस आणि एक रात्र लागली. बाजाराचा दिवस होता. कमलीबाई मिरच्या आणि मीठ घ्यायला मानोऱ्याला आली होती, आणि पाय दुखले म्हणून पिशवी घेऊन दुकानात पडद्यामागच्या खुर्चीवर टेकली. तिथंच निताने यादी लावली होती. धनराज तिच्या मागं उभा होता. आठ मिनिटं परक्या देशातल्या माणसांची नावं सरकली. कमलीबाईला वाचता येत नाही. पण पोरगा आणि सून एवढं टक लावून काय पाहतात, म्हणून तीही पाहू लागली.

“काय होय हे?”

“ज्यायनं खेळ बनवला त्यायची नावं, याडी.”

“पोराचं हाय?”

“येऊन राह्यलं.”

नववं मिनिट संपता संपता ‘अर्धा कोयता’ हे शब्द आले. निताने काचेवर बोट ठेवलं आणि मागं धनराजकडे मान केली. “हे यायचं.” बोट एक ओळ खाली आणलं. “हे मायं.”

“तुयं अलग?”

“अलग.”

नावं बोटाखालून वर सरकली. निताने बोट त्यांच्यासोबत वर नेलं. काचेची कड आली आणि नावं नाहीशी झाली.

“गेलं,” कमलीबाई म्हणाली.

“हो.”

यादीला मागं नेता येत नाही. पुन्हा पाहायचं तर पहिल्या नावापासून लावावी लागते. बाहेर कोणीतरी झेरॉक्ससाठी हाक मारत होतं आणि धनराज तिकडं जायला वळला. कमलीबाईने मिठाची पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.

“परत लाव,” ती म्हणाली, आणि खुर्ची सोडून काचेजवळ उभी राहिली.